जागल्याचे घर

गावगाड्यात जागल्या नावाचा माणूस असे. गाव झोपले की हा जागा. चोर दिसला, आग दिसली, तर ओरडून गाव उठवणे हे त्याचे काम. सरकारातली किंवा बड्या माणसाची लबाडी जगासमोर आणणाऱ्याला इंग्रजीत 'व्हिसलब्लोअर' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांनी त्याच्यासाठी हाच जुना शब्द घेतला आणि फार बरे केले. रमजानमध्ये मोमीनपुऱ्यात राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. सहरीसाठी उठवणाऱ्याला झोपमोड झालेला माणूस आधी मनातल्या मनात शिव्याच देतो.

पण जागल्याला घर असते. घरात भाऊ, बायको, मुलगा, म्हातारी आई असते. त्याचे तोंड बंद करता आले नाही तर या घराचे काय होते, हा आजचा विषय आहे. निमित्त जुने आहे आणि नवेही.

जुने आधी. ३१ मार्च २०२५ ला एका घटनेला तीन वर्षे पूर्ण झाली. ३१ मार्च २०२२ च्या पहाटे सक्तवसुली संचालनालयाचे, म्हणजे ईडीचे, पथक केंद्रीय राखीव पोलिसांना घेऊन दक्षिण नागपुरातील पार्वतीनगरात ॲड. सतीश उके यांच्या घरी पोहोचले. दिवसभर झडती चालली. मग उके यांना अटक झाली आणि त्यांच्यासोबत त्यांच्या भावालाही. दोघांना मुंबईला नेऊन दुसऱ्या दिवशी विशेष न्यायालयापुढे उभे केले गेले आणि ६ एप्रिलपर्यंत ईडीची कोठडी मिळाली. आरोप होता तो बनावट कागदपत्रांनी जमिनी बळकावल्याचा आणि त्यातून आलेल्या पैशाचा. आधार होता नागपूर पोलिसांकडे आधीपासून नोंद असलेल्या गुन्ह्यांचा.

उके कोण, हे नागपूरकरांना सांगायला नको. पण तरुण वाचकांसाठी थोडक्यात. देवेंद्र फडणवीस यांनी २०१४ च्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात दोन जुने खटले नमूद केले नाहीत, ही तक्रार त्यांचीच. उच्च न्यायालयाने ती फेटाळली, तर १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. राज्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. पुढे ८ सप्टेंबर २०२३ ला नागपूरच्या न्यायालयाने फडणवीसांना निर्दोष ठरवले, हेही इथेच सांगितले पाहिजे. न्यायाधीश लोया यांच्या मृत्यूचा प्रश्न न्यायालयात नेणाऱ्यांतही उके होते. अटक झाली तेव्हा फोन टॅपिंगच्या प्रकरणात ते नाना पटोले यांचे वकील होते. काँग्रेसने साहजिकच सूडाचा आरोप केला.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. उके हे काही सोवळे नाव नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना उच्च न्यायालयाने शिक्षा दिलेली आहे. जमिनीच्या तक्रारी करणारी माणसे कुणी पक्षाने उभी केलेली बाहुली होती, असे समजायला माझ्याकडे कोणताही आधार नाही. ज्याची जमीन गेली असे तो म्हणतो, त्याला फडणवीस-पटोले यांच्या भांडणाशी काय घेणे? आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील. जागल्या साधुसंतच असला पाहिजे, अशी अट कुठल्याच शहाण्या समाजाने घातलेली नाही. त्याने केलेली तक्रार खरी आहे का, एवढेच पाहायचे असते. आणि त्याने स्वतः गुन्हा केला असेल तर त्याची वेगळी चौकशी व्हायची असते.

मला थांबवतो तो त्या पहाटेचा दुसरा माणूस, उके यांचा भाऊ. शहरात त्या दिवशी चर्चा झाली ती वकिलाची. भावाबद्दल कुणी दोन वाक्ये बोलले नाही.

आता कॅलेंडरचे तेच पान थोडे मागे-पुढे करून पाहा. २२ मार्च २०२२ ला ईडीने ठाण्यातील अकरा सदनिकांवर टाच आणली. त्या होत्या तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मेहुण्यांशी संबंधित कंपनीच्या. ३१ मार्चला नागपुरात उके आणि त्यांचा भाऊ. ३ एप्रिलला आपल्याकडे पहिला रोजा झाला. ५ एप्रिलला संजय राऊत यांच्याशी संबंधित मालमत्तांवर टाच आली आणि त्यात त्यांच्या पत्नीच्या नावावरचा दादरचा फ्लॅट होता. त्याच आठवड्यात, एक-दोन दिवसांनी, मुंबईच्या ट्रॉम्बे पोलीस ठाण्यात भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. 'आयएनएस विक्रांत' ही युद्धनौका भंगारात जाऊ नये म्हणून लोकांकडून गोळा केलेला पैसा राज्यपालांच्या कार्यालयात पोहोचलाच नाही, असा तो आरोप. त्या गुन्ह्यातही दुसरे नाव होते. सोमय्यांचा मुलगा नील.

सोमय्यांना जागल्या म्हणावे का, यावर घरोघरी वाद होईल. ते स्वतः तसेच म्हणवून घेत. कागदपत्रांचे गठ्ठे घेऊन महाविकास आघाडीच्या मंत्र्यांविरुद्ध रोज एक पत्रकार परिषद, हा तेव्हा त्यांचा दिनक्रम होता. ज्यांच्याविरुद्ध ते बोलत, त्यांच्या हाती राज्याचे पोलीस होते. उके ज्यांच्याविरुद्ध कोर्टात गेले, त्यांच्या पक्षाच्या हाती केंद्रातील यंत्रणा होती. मुंबईच्या सत्र न्यायालयाने सोमय्या पिता-पुत्रांना अटकपूर्व जामीन नाकारला. मग उच्च न्यायालयाने १३ एप्रिलला वडिलांना आणि २० एप्रिलला मुलाला अटकेपासून अंतरिम संरक्षण दिले. मधला आठवडा त्या घराने कसा काढला असेल, याची कल्पना मी करू शकतो. राज्यातले सरकार बदलले आणि पोलिसांनी तपास बंद करावा असा अहवाल दिला. २०२४ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी तो स्वीकारायला नकार दिला. सरकार बदलले की गुन्ह्याचा रंग बदलतो, हे या प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

वाचकहो, एक छोटी परीक्षा स्वतःची घेऊन पाहा. उके यांच्या भावाच्या अटकेची बातमी वाचून ज्याला राग आला, त्याला नील सोमय्यांच्या बातमीने आनंद झाला होता का? आणि उलट? मी ही परीक्षा इफ्तारनंतर चहाच्या टपरीवर चार जणांना घातली. चौघांचेही उत्तर पक्षाप्रमाणे आले. भाऊ आणि मुलगा त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हते.

नातेवाइकाला हात लावूच नये, असे माझे म्हणणे अजिबात नाही. काळा पैसा कधीच मूळ माणसाच्या नावावर नसतो. तो बायकोच्या, मेहुण्याच्या, भावाच्या, कधी ड्रायव्हरच्या नावावर असतो. म्हणूनच मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा मालमत्ता कुणाच्या ताब्यात आहे ते पाहतो. गुन्ह्यातून आलेली वाटली की टाच लावता येते, मग नाव कुणाचेही असो. हा कायदा निर्बुद्ध नाही. त्याची भीती वेगळ्या ठिकाणी आहे. नेहमीच्या फौजदारी कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. ईडीने समन्स काढून बोलावले की माणसाला जावे लागते, विचारलेल्याचे उत्तर द्यावे लागते, सही करावी लागते, आणि तो जबाब पुढे त्याच्याच विरुद्ध वापरता येतो. अटक झाली तर जामिनासाठी न्यायाधीशाची खात्री पटावी लागते की हा माणूस दोषी नसावा आणि बाहेर गेल्यावर गुन्हा करणार नाही. म्हणजे खटल्याच्या आधीच अर्धा खटला जिंकायचा. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्या तरतुदी वैध ठरवल्या. त्यानंतर त्याच न्यायालयाने थोडी थोडी मोकळीक दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अटकेची कारणे लेखी दिलीच पाहिजेत, असे सांगितले. आश्चर्य वाटेल, पण त्याच्या आधी तोंडी वाचून दाखवली तरी चालत असे.

आणि हाती काय लागते? मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिले. त्याआधीच्या दहा वर्षांत राजकीय व्यक्तींविरुद्ध ईडीने १९३ प्रकरणे नोंदवली आणि दोषी ठरले ते दोन प्रकरणांत. या आकड्याचा अर्थ बाकीचे सगळे निर्दोष, असा नाही. बरेच खटले अजून उभेच राहिलेले नाहीत. पण शिक्षा वर्षानुवर्षे न येता अटक मात्र पहिल्या दिवशी येते, तेव्हा अटकच शिक्षा होऊन बसते. अशा वेळी ती कुणाकुणाला द्यायची, हे ठरवणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता येते. जागल्याला अटक केली तर बातमी होते, मोर्चा निघतो, वकील उभे राहतात. भावाला अटक केली तर फक्त घरात भांडण होते. 'तुझ्या कोर्टबाजीपायी आमची ही दशा' हे वाक्य कुणा शत्रूचे नसते, घरच्याच माणसाचे असते. मोठमोठे लढवय्ये त्या एका वाक्याने बसतात.

याच शहरात त्याचे दुसरे उदाहरण आहे. न्यायाधीश ब्रिजगोपाल लोया १ डिसेंबर २०१४ ला नागपुरात वारले. सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला आले होते, सिव्हिल लाइन्समधील रविभवनात उतरले होते. त्यांच्यापुढे सोहराबुद्दीन चकमकीचा खटला होता. तो खटलाही मुळात उभा राहिला तो एका भावामुळे. सोहराबुद्दीनच्या भावाने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, तिथून. नोव्हेंबर २०१७ मध्ये लोयांच्या बहिणीने एका मासिकाशी बोलताना शंका मांडल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या मुलाने मुंबईत पत्रकारांना सांगितले की आम्हाला कसलाही संशय नाही, आम्हाला आता त्रास देऊ नका. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यू नैसर्गिक असल्याचे म्हटले आणि चौकशीच्या याचिका फेटाळल्या. न्यायालयाचा निर्णय मी मानतो. माझ्या मनात राहिली ती मुलाची विनंती. 'त्रास देऊ नका' हे तो सरकारला म्हणत होता, पत्रकारांना, राजकीय पक्षांना, की आपल्यासारख्या वाचकांना? बहुधा सगळ्यांनाच. जागल्याचे घर दोन्ही बाजूंनी ओढले जाते. एका बाजूला धमकी असते आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी आपल्यासाठी हुतात्मा व्हावे, ही अपेक्षा.

तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी आठवत असतील. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार माहितीच्या अधिकारात बाहेर काढणारे. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. त्याच्या काही आठवडे आधी त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. पुढची वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्या त्यांच्या भावाने. सीबीआयने एकदा तपास बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. भाऊ तिथेच उभा.

कायदा काय म्हणतो? बिहारमध्ये महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारा तरुण अभियंता सत्येंद्र दुबे नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत मारला गेला. माझे नाव गुप्त ठेवा, ही त्याची विनंती कागदावरच राहिली होती. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने तक्रारदारांच्या संरक्षणासाठी एक ठराव केला आणि दहा वर्षांनी, मे २०१४ मध्ये, जागल्या संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. छान. फक्त तो आजपर्यंत लागू झालेला नाही. २०१५ मध्ये त्याला दुरुस्त्या सुचवणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. सत्तेत कोण आले-गेले तरी लागू करण्याची घाई कुणालाच नाही, यात सगळे पक्ष एकमताचे आहेत. आणि लागू झाला असता तरी उके किंवा सोमय्या यांना त्याचा फार उपयोग नव्हता. ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार करणाऱ्यापुरताच तो आहे. त्यांच्या घरच्यांसाठी तर त्यात वेगळी तरतूदच नाही.

साक्षीदाराच्या बाबतीत मात्र आपण शहाणे आहोत. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत साक्षीदाराच्या कुटुंबाला असलेला धोकाही मोजला जातो, त्यांच्या मालमत्तेला आणि नावलौकिकाला असलेला धोकासुद्धा. मग जो पहिली तक्रार करतो त्याच्या कुटुंबाने काय घोडे मारले? युरोपीय संघाने २०१९ मध्ये जागल्यांसाठी केलेल्या नियमात स्पष्ट लिहिले की संरक्षण सहकाऱ्यांना आणि नातेवाइकांनाही मिळेल. त्यांनाही ते उगाच सुचले नाही. अमेरिकी हेरगिरीचे स्नोडेनने दिलेले कागद छापणारे पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्या जोडीदाराला ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनच्या विमानतळावर दहशतवादविरोधी कायद्याखाली नऊ तास अडकवून ठेवले गेले होते. लोकशाहीच्या गप्पा जिथून जगभर जातात तिथेही घरच्या माणसाकडूनच हात पोहोचतो.

आता नवे निमित्त. २४ मार्च २०२५ ला महापालिकेने संजयबाग कॉलनीतील एक घर पाडले. १७ मार्चच्या हिंसाचारातील मुख्य संशयित म्हणून अटकेत असलेल्या फहीम खान यांचे ते घर, असे सगळीकडे छापून आले. कागदोपत्री मालमत्ता त्यांच्या आईच्या नावावर होती. आई न्यायालयात गेली. नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर घर पडून गेले होते. फहीम खान जागल्या नाहीत, त्यांच्यावरचे आरोप गंभीर आहेत, आणि या हिंसाचारात ज्यांची डोकी फुटली, गाड्या जळल्या, त्यात पोलीसही होते. त्या सगळ्याचा हिशेब झालाच पाहिजे. पण आईवर कोणता गुन्हा होता? बांधकाम अनधिकृत असेल तर ते दंगलीच्या आधीच्या सोमवारीही अनधिकृतच होते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला, आपल्या अमरावतीच्या न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने, सांगितले होते की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही आणि एकाच्या आरोपासाठी सगळ्या कुटुंबाचे छप्पर काढणे ही सामूहिक शिक्षा आहे. तेव्हा निकालाला पाच महिनेही झालेले नव्हते.

हे आणि उके यांचे प्रकरण एकसारखे आहे, असे मी म्हणणार नाही. उके यांच्या भावावर त्याच्या स्वतःच्या कृतीचा आरोप आहे. तो खरा निघाला तर शिक्षा रास्त ठरेल. आईवर आरोपच नाही. फरक मोठा आहे, आणि नेमका हाच फरक प्रत्येक वेळी विचारायला हवा: या माणसाने स्वतः काय केले? भाऊ असणे, मुलगा असणे, आई असणे हे उत्तर चालणार नाही.

रमजानच्या दिवसांत मशिदीत तरावीहच्या नमाजात कुरआन पूर्ण वाचला जातो. त्यात हजरत युसूफ यांची कथा येते. बायबलमध्येही ती आहे, जोसेफ नावाने. धान्य न्यायला आलेल्या भावांपैकी धाकट्याच्या गोणीत राजाचा पेला सापडतो. बाकीचे भाऊ हात जोडतात की आमचे वडील म्हातारे आहेत, याच्याऐवजी आमच्यातला एक ठेवून घ्या. युसूफ म्हणतात, ज्याच्याकडे वस्तू सापडली त्यालाच. दुसऱ्याला धरले तर आम्हीच अन्यायी ठरू. इथे तर भाऊ स्वखुशीने बदली जायला तयार होते, तरी नाही. उलट, माझ्या मुलीने चोरी केली तरी शिक्षा तीच, असे पैगंबरांनी सांगितल्याची आठवण हदीसमध्ये आहे. म्हणजे नात्यामुळे कुणी अडकू नये आणि कुणी सुटूही नये. आणि आपल्या मराठी घरात तर वाल्या कोळी लहानपणीच कळतो. तुझ्या पापात आमचा वाटा नाही, असे त्याच्या बायकामुलांनी त्याला तोंडावर सांगितले होते. नारदांनी ते मान्य केले. आपली सरकारे मात्र घरच्यांच्या पदरात वाटा घालूनच येतात.

व्यवहारातले दोन मुद्दे. २०१४ चा कायदा लागू करताना त्यात 'कुटुंबीय' हा शब्द घालायला सरकारला कुणी अडवलेले नाही; साक्षीदारांच्या योजनेतली भाषा तयार आहे. दुसरा मुद्दा अधिक अवघड. तक्रारदाराच्या जवळच्या नातेवाइकाला अटक करायची असेल, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो सत्तेत असेल, तर त्या नातेवाइकाच्या स्वतःच्या कृतीचा पुरावा आधी न्यायाधीशाने पाहावा. तपास थांबत नाही, समन्स थांबत नाही, टाचही थांबत नाही. थांबते ती फक्त पहाटेची अटक. केंद्रात आणि राज्यात आज एकच पक्ष आहे म्हणून हे सांगतो आहे असे कुणाला वाटेल, तर त्याने एप्रिल २०२२ मधले मुलुंडचे सोमय्यांचे घर आठवावे. तेव्हा हा नियम असता तर पहिला फायदा त्यांना झाला असता.

आणि खटले वेळेत चालवणे. नागपुरात ज्यांनी आपल्या जमिनीची तक्रार पोलिसांत दिली होती, तेही वाट पाहत आहेत. त्यांच्या कागदांवरच्या सह्या खऱ्या की खोट्या, हा प्रश्न कुणाच्या पक्षाचा नाही. तो हस्ताक्षर तज्ज्ञाचा आणि एका न्यायाधीशाचा आहे.